नेदरकूमची तिसरी घंटा

लाँगरिज, लँकेशर
१२ जानेवारी २००४

प्रिय सेसिली,

तुझं नाताळानंतरचं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं की दुकानाबाहेरची पाटी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका पानावर सहा ओळी, त्याही जाड काळ्या पेनानं, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे येईतो टेकडी उतरायला लागलेली. कॉन्व्हेंटात सिस्टर अलॉयसियस तुझी वही नमुना म्हणून वर्गाला दाखवायच्या. हे पान पाहिलं असतं तर थडग्यातून पट्टी घेऊन उठल्या असत्या. माझ्यावर ओरडायचं असेल तर सरळ ओरड, अक्षरं कशाला फुगवतेस?

आता मजकुराकडे. सदुसष्टाव्या वर्षी तू म्हणे चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला शिकते आहेस. छंदाला माझी ना नाही. मीही परवा टोपल्या विणण्याच्या वर्गाला जाऊन आले. दोन तासांत माझ्या हातून जे तयार झालं त्यात कांदासुद्धा राहायला तयार नव्हता, म्हणून परत गेले नाही. पण घंटा, आणि त्याही प्रोटेस्टंटांच्या? आपल्या कॅथलिक खापरपणज्यांनी बंदीच्या काळात कोठारांत लपून मिस्सा ऐकल्या, धर्मगुरूंना चिमणीमागे दडवलं, आणि तू आपल्या पायांनी त्यांच्या मनोऱ्यात चढून त्यांचेच दोर ओढणार.

तेही मंगळवारी संध्याकाळी. मंगळवारी 'कूपर्स यार्ड' असतं हे तुला मी सांगायचं? एकोणीस वर्षं तू तिकडे डेव्हनमध्ये आणि मी इकडे एकाच वेळी टीव्हीसमोर बसतो आणि मग पत्रातून त्या सगळ्यांची सालटी काढतो. आणि आता तू विचारतेस, डोरीननं ते पत्र नवऱ्याला दिलं की नाही. अगं, तिनं ते शेगडीत टाकलं. दोन मिनिटं कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त ती, पत्र आणि जाळ. सबंध देश श्वास रोखून बघत होता. तू कुठे होतीस?

कडू संत्री बाजारात आली आहेत. मार्मलेडच्या तीन बरण्या वेगळ्या पाठवते आहे. हल्ली पोस्टात काचसामान कसं हाताळतात याची मला कल्पना आहे. एकतीस वर्षं खिडकीमागे बसले ती उगाच नाही. फुटल्या तर कळव, कोणाला लिहायचं ते मला ठाऊक आहे.

तुझी,
फिलोमिना

*

नेदरकूम, डेव्हन
२५ जानेवारी २००४

प्रिय फिलोमिना,

तिन्ही बरण्या धडधाकट पोचल्या, तेव्हा पोस्टाची खरडपट्टी पुढच्या महिन्यावर ढकल.

पेन बदललंय, बाकी काही नाही. बारीक पेन धरलं की थंडीत बोटं आखडतात. आणि डोरीनच्या वेळी मी चहाचं आधण ठेवायला उठले होते. हल्ली निम्मी मालिका मी स्वयंपाकघरातूनच ऐकते, आणि खरं सांगू, ऐकल्यावर ती माणसं आणखीच मूर्ख वाटतात.

घंटांबद्दल मात्र तू चुकतेस. हे काम कसं चालतं ते ऐक. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. घंटा वर पूर्ण उलटी होते आणि फिरून खाली येते, तिचं वजन एका वासरापेक्षा जास्त. आमचे म्होरके विल्फ्रेड लुस्कोम, शेजारीच राहतात, चाळीस वर्षं गायी सांभाळून निवृत्त झाले. त्यांचा पहिला धडा एका वाक्याचा होता. दोर वर निघाला की सोडायचा, सोडला नाही तर माणूस छताला लागतो. नोव्हेंबरात मी एकदा सोडला नाही. छताला लागले नाही, पण पायातला एक बूट खाली राहिला आणि मी वर होते.

इतर गावी म्हणे कागदावर आकडे लिहून पाठ करतात. इथे डेव्हनमध्ये तसलं काही नाही. लुस्कोम हाक देतात, 'तीन, चारच्या मागे', की मी चौथ्या घंटेच्या पाठोपाठ वाजवायचं. तिसरी घंटा माझी. वाचायचं काही नाही, कान उघडे ठेवायचे आणि पाठ ताठ.

धर्माचं म्हणशील तर रविवारी आम्ही सहाही जण अर्धा तास घंटा वाजवून गावाला प्रार्थनेला बोलावतो आणि लोक आत शिरले की मागच्या दारानं घरी न्याहारीला जातो. पाद्री आम्हाला दारात भेटतात, आम्ही 'सुप्रभात' म्हणतो, ते 'सुप्रभात' म्हणतात. पिढ्यानपिढ्या असंच चाललंय, कोणाला काही वावगं वाटत नाही. तेव्हा मी त्यांच्याबरोबर प्रार्थना करत नाही, फक्त बोलावते. जायचं की नाही ते ज्याचं त्यानं बघावं. मी साडेदहाची बस धरून आपल्या मिस्सेला जाते.

तुझी,
सेसिली

*

लाँगरिज
९ फेब्रुवारी २००४

प्रिय सेसिली,

ऐकते म्हणे. टीव्ही काय ऐकायची वस्तू आहे? मग रेडिओ कशाला शोधला?

तुझ्या पत्रात लुस्कोम हे नाव दोनदा आलंय. बिचाऱ्या जेराल्डशी तुझं लग्न झालं त्या वर्षीच्या सगळ्या पत्रांत मिळून त्याचं नाव दोनदा नव्हतं. मी काही विचारत नाही. एवढंच म्हणते की विधवेनं सदुसष्टाव्या वर्षी अचानक मनोरा चढायला घ्यावा, मालिका सोडावी आणि अक्षर बिघडवावं, याला आपल्या शाळेत एकच कारण मानत असत.

बरं, आता खऱ्या विषयाकडे वळते, कारण मी फार संतापले आहे. गुरुवारी पेन्शन घ्यायला पोस्टात गेले. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ, टीव्हीचा वार्षिक परवाना काढत होते. अंध म्हणून, अर्ध्या दरात. हा नियम मी खिडकीत बसून राबवलाय आणि तेव्हाही मला तो कळला नव्हता. टीव्ही दिसत नसेल तर परवाना पूर्ण माफ करा. दिसत असेल तर पूर्ण घ्या. अर्धा म्हणजे कोणता अर्धा? डावा? आणि बहिरे काय करतात, ते पूर्ण पैसे भरून तोंडं हलताना बघतात. या देशात चहा कसा करावा यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण असल्या कायद्याला कोणी हूं की चूं करत नाही.

आणि गंमत ऐक. नव्या पोस्टमास्तराचा कुत्रा दारातच आडवा पसरलेला असतो. माझ्यासुद्धा तो दोनदा पायाखाली आलाय. हे अंध गृहस्थ परवाना खिशात घालून निघाले आणि त्या कुत्र्याला अलगद वळसा घालून गेले.

मी घरी येऊन टोपी न काढता आपल्या कॅथलिक साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. शेवट असा केलाय: 'अर्ध्या दराचा परवाना घेणारे मी एकतीस वर्षं पाहिले. त्यांतले निम्मे दारातल्या कुत्र्याला माझ्यापेक्षा सफाईनं चुकवतात. तेव्हा अर्धा दर बहुधा अर्ध्या खरेपणासाठी असावा.' छापतील असं वाटतं. तूही तेच साप्ताहिक घेतेस, तेव्हा बघशीलच.

तुझी,
फिलोमिना

*

लाँगरिज
१५ मार्च २००४

सेसिली,

पाच आठवडे झाले. शाळा सुटल्यापासून तू मला इतके दिवस अनुत्तरित ठेवलेलं नाहीस. तू आजारी असतीस तर कोणीतरी कळवलं असतं.

माझं पत्र छापून आलं, पहिल्या क्रमांकावर, चौकटीत. मिस्सेनंतर तिघांनी अभिनंदन केलं. तुझी एक ओळ नाही. ज्या माणसाला हे पत्र सगळ्यात आधी आवडायला हवं होतं ते माणूस दोर ओढण्यात गुंग आहे.

मग स्पष्टच बोलते. चाळीस वर्षं गायींशी बोललेला माणूस बायकांशीही त्याच आवाजात बोलतो. तो तुला हाका मारतो आणि तू चाराच्या मागे, पाचाच्या मागे फिरतेस. लॅटिनमध्ये बक्षीस मिळवलेल्या मुलीनं अशा माणसापाशी जावं, ज्याला दोन ओळी सलग वाचता येत असतील की नाही याचीच मला शंका आहे? त्याच्यासाठी मला सोडायचं असेल तर सोड, पण तसं लिहून सोड. आणि बारीक अक्षरात.

फिलोमिना

*

नेदरकूम
२४ मार्च २००४

मिस क्रिचली,

हे अक्षर माझं आहे. मी विल्फ्रेड लुस्कोम. मला वाचता येतं. नोव्हेंबरपासून तुमची सगळी पत्रं मिसेस हेडॉकना मीच वाचून दाखवली, हेही. आता पुढचं त्या सांगतात ते मी उतरवतो.

प्रिय फिलोमिना,

लुस्कोमना मी म्हटलं होतं की तुझं हे पत्र मधेच सोडून दिलंत तरी चालेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, एकाच सुरात, जसं गुरांच्या बाजाराचं पत्रक वाचावं. मग म्हणाले, बाईंचं वाक्य चांगलं वळतं.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. दोन वर्षं झाली. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सही केली आणि सरकारी यादीत अंध म्हणून माझं नाव चढलं. त्याच आठवड्यात मी टीव्हीचा परवाना काढला. अर्ध्या दरात.

त्या नियमावरचा तुझा विनोद मला आवडला. 'डावा अर्धा' ऐकून मी चहा सांडला. कुत्र्याचं मात्र तुला समजावून सांगावं लागेल, कारण ते तू छापून आणलंस. फिलोमिना, कुत्रा मला दिसतो. उत्तम दिसतो. खाली, बाजूला, कडेला जे काही असेल ते सगळं मला दिसतं. ज्याच्याकडे बघायला जावं तेवढंच नसतं. तू दारात उभी राहिलीस तर तुझे बूट दिसतील, टोपीची कड दिसेल, आणि मध्ये, जिथून तू बोलतेस, तिथे राखाडी डाग. मीही त्या कुत्र्याला वळसा घालून गेले असते आणि खिडकीमागे कोण बसलंय हे मला कळलं नसतं. तो गृहस्थ खोटा नव्हता. मी खोटी नाही.

डोरीननं पत्र जाळलं तेव्हा मी चहा करत नव्हते. टीव्हीसमोरच बसले होते. दोन मिनिटं काहीच आवाज आला नाही, मला वाटलं संच बिघडला.

तुला का सांगितलं नाही? जेराल्डच्या बहिणीला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी बोलते. मग डॉक्टर, मग पाद्री, मग दुकानातली मेबल, एकेकाचा आवाज खाली उतरत गेला. माझ्याशी तिखट बोलणारं जगात एक माणूस उरलं होतं, ते मला घालवायचं नव्हतं. म्हणून जाड पेन आणलं आणि थापा मारल्या.

आणि मग त्याच माणसाचं पत्र, जे खरंच छापतील असं मला वाटलं नव्हतं, लुस्कोमनी न्याहारीच्या वेळी साप्ताहिकातून वाचलं. शेवटी कोणतं वाक्य येणार हे त्यांना ठाऊक होतं. ते ते वाचेनात, मी वाचायला लावलं.

महिनाभर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही तुझं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.

सेसिली

ता.क. गायींशी मी हळू बोलायचो. त्या कधी उलट बोलल्या नाहीत. — वि. लु.

*

लाँगरिज
५ एप्रिल २००४

माझ्या लाडक्या सेसिली,

तुझ्यावर कोसळलेल्या या दुःखाची वार्ता ऐकून हृदय पिळवटून गेलं. तू किती शूर आहेस. हा क्रूस तू किती शांतपणे वाहते आहेस. या पवित्र आठवड्यात मी डोळ्यांची कैवारी संत ल्यूसीला तुझ्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली आहे आणि फादर डॉयल यांना तुझ्या नावानं मिस्सा सांगितली आहे. माझ्या हातून जे घडलं त्याबद्दल शब्द अपुरे आहेत.

आता तू जिवाला जप. मनोऱ्याच्या त्या पायऱ्या, ते दोर, ही दगदग तुला सोसायची नाही. मी लवकरच येऊन राहते आणि तुझं सगळं हाताखाली घेते. मिस्टर लुस्कोम यांचे मन:पूर्वक आभार.

सदैव तुझीच,
फिलोमिना

*

नेदरकूम
१४ एप्रिल २००४

फिलोमिना,

हे कोणी लिहिलं?

लुस्कोम निम्म्यावर थांबले आणि त्यांनी विचारलं, 'बाई, कोणी गेलं का?' मी म्हटलं, हो, माझी मैत्रीण गेलेली दिसते, तिच्या जागी शोकपत्रं छापणारं दुकान उघडलंय.

शूर. क्रूस. हृदय पिळवटून. सत्तावन्न वर्षांत तू मला लाडकी म्हटलेलं नाहीस आणि आज सुरू करायचं कारण नाही. 'कूपर्स यार्ड'बद्दल एक अक्षर नाही. पॅटचं लग्न मोडलं हे मला ऐकून कळलं, पण ती चर्चमधून कोणता चेहरा घेऊन बाहेर आली ते कोण सांगणार? लुस्कोम ती मालिका बघत नाहीत. त्यांना बैलांचे कार्यक्रम आवडतात.

माझं आता ठरलं. तू जे छापलंस ते मी विसरू शकते. अडाणीपणानं लिहिलं होतंस, आणि अडाणीपणा दुरुस्त होतो. पण हे असलं पत्र पुन्हा आलं तर मी लुस्कोमना ते परत पाठवायला सांगेन, आणि त्यानंतरची सगळी न फोडता. माझ्याभोवती हळू बोलणारे पुष्कळ आहेत, फिलोमिना. तू त्यांच्यात जाऊन बसलीस तर मला खरोखरच कोणी उरणार नाही.

१९ जूनला इथे आसपासच्या गावांची घंटांची स्पर्धा आहे. नेदरकूमकडून तिसरी घंटा मी वाजवणार. पायऱ्या सत्तेचाळीस आहेत आणि मी त्या दर खेपेला मोजून चढते. परीक्षक खाली अंगणात एका गाडीत पडदे ओढून बसतात, कोण वाजवतंय ते त्यांना दिसूच नये म्हणून, आणि नुसतं ऐकून प्रत्येक चूक टिपतात. यायचं असेल तर ये. माझं कोपर धरलंस तर पहिल्या गाडीनं परत पाठवीन.

सेसिली

*

लाँगरिज
२० एप्रिल २००४

सेसिली,

तुझं मार्चमधलं पत्र आल्यावर दहा दिवसांत मी सात पत्रं लिहून फाडली. आठवं सगळ्यात वाईट होतं. मी तेव्हा रडत होते, म्हणून ते मला चांगलं वाटलं आणि मी ते पोस्टात टाकून आले. याउप्पर त्याचा उल्लेख नको.

अडाणीपणा मान्य. संपादकांना दुसरं पत्र गेलंय. तुझं नाव नाही, गाव नाही. लिहिलंय की, 'कुत्र्याबद्दल मी चुकले. डोळ्याचं मधलं गेलं तरी कडेचं दिसतं, त्यामुळे कुत्रा चुकवता येतो आणि माणसाचा चेहरा सापडत नाही. मी एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून हे कोणाला विचारलं नाही. ज्यांना मी अर्धे खरे म्हटलं त्यांची क्षमा मागते. कायदा मात्र मूर्ख आहे तो आहेच.' या वेळी कोपऱ्यात छापलं, चौकट नाही. अभिनंदनही कोणी केलं नाही. बरोबरच आहे.

पण तुझ्यावरही मी रागावलेली आहे, आणि ते तू ऐकून घे. जानेवारीपासून मी तुला ओळींच्या उतारावरून, अक्षरांवरून, मालिकेवरून बोलत राहिले आणि तू माझं नाक कापायला मला मोकळं सोडलंस. शाळेतसुद्धा तू अशीच होतीस. लपवायचं स्वतः आणि तोंडघशी मला पाडायचं.

आता पॅट. तिचा चेहरा ओल्या पावासारखा झाला होता. दिग्दर्शकानं पुरं एक मिनिट तो आपल्याला दाखवला. त्याला वाटलं असावं की यात दुःख आहे. फुलांचा गुच्छ तिनं पायरीवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी मोठ्यांदा म्हटलं, बाई, एकदा काय ते ठरव. मग नवरदेवाची आई गाडीत बसली, तिनं काच वर केली आणि काचेआडून हसली. हसली, सेसिली. त्या बाईनंच लग्न मोडलंय, आणि हे सबंध गावात फक्त तुला आणि मला माहीत आहे.

लुस्कोम, तुम्ही हे वाचताय म्हणून सांगते: तुम्हाला वाचता येतं हे मी मान्य करते. गायींबद्दलचं वाक्य मात्र मागे घेत नाही. सत्तेचाळीस पायऱ्यांवर तिच्या मागे कोण चालतं ते मला कळवा. तिला वाचून दाखवू नका.

१८ जूनला येते.

फिलोमिना

ता.क. उतरताना मागे कोणीच चालत नाही, मिस क्रिचली. मी पुढे चालतो. पडल्या तर माझ्यावर पडतील म्हणून. चढताना त्या पुढे, मी मागे. तिला वाचून दाखवू नका हे मी त्यांना वाचून दाखवलं, सवयीनं. तुमचंच पत्र परत पाठवतोय, मागच्या बाजूला जागा होती. — वि. लु.

*

लाँगरिज
२३ जून २००४

प्रिय सेसिली,

घरी पोचले. तीन गाड्या बदलल्या, तिन्ही उशिरा. त्याबद्दल ज्यांना लिहायचं त्यांना लिहिलंय.

आधी तक्रारी. लुस्कोम स्टेशनवर मला न्यायला जी गाडी घेऊन आले तिच्यात माझ्याआधी मेंढी बसलेली होती. तुमच्या गावी चहाबरोबरच्या स्कोनवर, त्या गोड पावावर, आधी साय लावतात आणि तिच्यावर जॅम, हे मी नुसतं ऐकलं होतं; सुशिक्षित माणसं चारचौघांत असं करतात हे आता डोळ्यांनी पाहिलं. आणि तुझ्या घरात कपात चहा काठोकाठ आला की किंचाळणारं ते जे यंत्र आहे, त्यानं मला पहिल्या सकाळी पलंगावरून खाली पाडलं. ते यंत्र येण्याआधी तू काही न सांडता चहा कसा करत होतीस, हा विचार मी त्यानंतर केला. पण बोलले नाही, कारण हळवं बोलायचं नाही असं ठरलंय.

तुला एक सांगायचं राहिलं. तिथे असताना सांगवेना.

शनिवारी तुम्ही सहाजण वर गेलात तेव्हा मी चर्चच्या अंगणात भिंतीवर बसले होते. परीक्षकांची गाडी माझ्यापासून दहा पावलांवर, निळे पडदे ओढलेले, आतून कोणाचा तरी खोकला. मी रोझरी काढली. प्रार्थनेसाठी नाही. तिसरी घंटा उशिरा पडली की एक मणी सरकवायचा, असं ठरवून. खिशात पेन्सिल नव्हती आणि मण्यांवर मोजायला आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. वरून लुस्कोमची हाक ऐकू येत होती. 'तीन, पाचाच्या मागे.' आणि खरोखर पाचाच्या मागे तीन. ते गायींशी कसे बोलत असत मला माहीत नाही, पण त्या आवाजाच्या मागे मीही गेले असते. हे त्यांना वाचून झालं असेल तर त्यांनी पुढे चालावं, इथे खोकत बसू नये.

सुंदर होतं. हा शब्द मी एकदाच वापरते आहे.

मग सभागृहात चहा आणि निकाल. तो वाळक्या मानेचा परीक्षक उभा राहिला, घंटांचं चित्र असलेला टाय लावून, आणि एकेका गावाला सोलत निघाला. नेदरकूम, सहांत चौथे. मग कागदाकडे बघत म्हणाला, 'तिसरी घंटा. दोनदा उशीर. वाजवणाऱ्याला येत नाही असं नाही, येतं. हा निव्वळ आळस आहे.'

मी खुर्चीवरून उठले. तू ऐकलं असशील, खुर्ची फरशीवर करकरली. त्याला काय सुनवायचं ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. की तू कोणाला आळशी म्हणतोस, तुला माहीत आहे का ती बाई कशी वाजवते, पडदे ओढून बसणाऱ्या माणसा. सबंध सभागृहाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगणार होते. पहिला शब्द तोंडातून निघणार एवढ्यात माझं तुझ्याकडे लक्ष गेलं.

तू लाल झाली होतीस आणि हसत होतीस. खुर्चीत पुढे सरकून, हनुवटी वर करून, त्या माणसाच्या आवाजाकडे तोंड करून. तो तुला सगळ्यांदेखत आळशी म्हणाला होता, आवाज जरासुद्धा खाली न आणता, आणि तुझा चेहरा असा होता जसा लॅटिनचं बक्षीस घेताना होता. लुस्कोमनी मला बसा अशी खूण केली. मी खुर्ची पुढे ओढायला उठले होते असं दाखवलं आणि बसले. बोलायची गोष्ट तोंडात असताना मी गप्प बसले असं माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा भूल दिलेली होती.

आता ऐक. तो म्हणाला दोनदा. मी रोझरी अजून तशीच ठेवली आहे, मणी सरकवलेले. तीनदा. तिसरा अगदी शेवटी, तुम्ही घंटा थांबवत आणत होतात तेव्हा. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला म्हणून त्याच्या कानातून सुटला, माझ्या नाही. पाचवी वाजून गेली आणि तू कुठे होतीस कोण जाणे. त्यानं आळस म्हटलं ते सौम्य होतं.

मंगळवारी 'कूपर्स यार्ड' मी बघते आणि कोणी कोणता चेहरा केला ते बुधवारच्या टपालानं लिहून पाठवते. तू सरावाला जा.

तुझी,
फिलोमिना